तिकडे आपल्याला काय म्हणतात

माझ्या मैत्रिणीने मला फसवलं, आणि तेही स्वतःच्या आईच्या आजारपणाची थाप मारून. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवत नेऊन शेवटी धक्का द्यायला जो धीर लागतो तो माझ्याकडे नाही, आणि राग अजून ताजा आहे. पण रागात सांगितलेलं कोणी नीट ऐकत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझं ऑफिस सिंगापूरमध्ये, वन-नॉर्थला आहे. आम्ही रस्ते दाखवणारं ॲप बनवतो आणि त्यातल्या युरोपीय भाषांचं काम माझ्याकडे असतं. कॉलेजात असताना मी जर्मन शिकले होते. पुण्यात दर तिसऱ्या घरात कोणीतरी जर्मन शिकलेलं असतं, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे 'गुटन मॉर्गन'च्या पलीकडे काही आठवत नाही. माझं निदान पोट तरी त्यावर चालतं. काही वर्षांपूर्वी ॲपमध्ये मोटारसायकलवाल्यांसाठी वेगळा नकाशा आणायचं ठरलं. इंग्रजीत वर लिहिलं होतं 'बायकर्ससाठी'. मी त्या त्या देशातल्या भाषांतरकारांना विचारलं, तुमच्याकडे काय लिहायचं? एवढासा प्रश्न, पण आठवडाभर वाद पेटला.

जर्मन बाईंचं म्हणणं, बायकर हा आमचाच शब्द झालाय, त्यात भाषांतर कसलं करायचं. डोंगरातल्या लहान हॉटेलांवर पाट्याच असतात, बायकरांचं स्वागत आहे म्हणून. बाई चालवत असेल तर बायकरिन. फ्रेंच माणूस खवळला. आमच्याकडे मोतार आहे, बाईसाठी मोतार्द आहे, बायकर म्हणजे तो चामड्याचं जाकीट घालून पोट सावरत बसणारा, त्याच्यासाठी नकाशा कशाला? स्पेनवालीकडे तिचा मोतेरो होता आणि मोतेरा होती. इटलीच्या गृहस्थांनी सांगितलं की त्यांचे पेपरवाले अजून 'चेंताउरो' लिहितात, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा घोडा. आणि क्रोएशियाच्या मुलीने शांतपणे कळवलं की त्यांनी इंग्रजी शब्द उचलला, आपल्या पद्धतीने लिहायला घेतला, त्याचं आपलं अनेकवचन केलं 'बायकेरी', आणि बाईसाठी घडवला 'बायकेरित्सा'.

मला त्या शब्दाचं वेडच लागलं. इंग्रजीत त्याला थोडा दंगेखोरपणाचा वास होता, चार माणसं दारात आली तर आयांनी मुलांना आत घ्यावं असा. तोच शब्द परदेशी गेला आणि हॉटेलच्या पाटीवर चढला. मला वाटायचं, हे सुनेसारखं आहे. एका घरात तिला पहिल्या दिवसापासून लेक मानतात, दुसऱ्या घरात तिचं नाव बदलून तिला आपलंसं करतात, आणि तिसऱ्या घरात वर्षानुवर्षं पाहुण्यांच्या खोलीत ठेवतात. जर्मन, क्रोएशियन आणि फ्रेंच, असा तो क्रम. हा सिद्धांत मी घरी मांडला तेव्हा नवरा पेपर वाचत राहिला आणि मुलगी म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ वर्ड, लाह." ऐकून घेतलं ते फक्त मैत्रिणीने.

ती भेटली होती मोटारसायकल शिकताना. सिंगापूरमध्ये मोठी बाइक एकदम चालवू देत नाहीत. आधी लहान बाइकचं लायसन्स, वर्षभराने मधल्या बाइकचं, आणखी वर्षभराने मोठ्या बाइकचं, आणि दर वेळी ती अरुंद फळी आणि ते आठचे आकडे. आमच्या बॅचमध्ये सगळी विशीतली पोरं, आणि चाळिशी ओलांडलेल्या आम्ही दोघी. पहिल्याच दिवशी मी फळीवरून घसरून पडले तेव्हा मागून आवाज आला, "पडा निवांत, आपलंच अंगण आहे." मराठी ऐकून माझं लागलेलं ढोपर मी विसरून गेले.

ती बँकेत वरच्या जागेवर, बुकित तिमाहच्या कॉन्डोत एकटी राहणारी. मी यिशुनच्या सरकारी फ्लॅटमधली, नवरा आणि मुलगीवाली. एरवी आमची गाठ गणपतीच्या कार्यक्रमात पडली असती, साडीचं कौतुक झालं असतं आणि संपलं असतं. पण तिन्ही लायसन्सं आम्ही बरोबरीने काढली. रविवारी सकाळी ती यिशुनला यायची, हॉकर सेंटरच्या टपरीवर कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, प्यायचो आणि पूल ओलांडून मलेशियात जायचो. पाऊस कोसळला की एक्स्प्रेसवेच्या पुलाखाली डिलिव्हरीवाल्या पोरांच्या रांगेत उभ्या राहायचो. तिच्या कॉन्डोत बाइक उघड्यावर राहायची आणि माझ्या इमारतीच्या कारपार्कला छप्पर होतं, म्हणून ती भारतात गेली की बाइक माझ्याकडे यायची. मी गेले की किल्ली तिच्याकडे. अधूनमधून चालू करून बॅटरी जिवंत ठेवायची, एवढाच आमचा करार.

तिची आई पुण्यात एकटी राहते. मी त्यांना काकू म्हणते. मैत्रिणीचे वडील स्कूटरच्या अपघातात गेले, ती शाळेत असताना. त्यामुळे मुलीने बाइक घेतली हे काकूंना कळलं तेव्हा घरात मोठं रणकंदन झालं होतं. शेवटी मीच त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलले. मला लेकुरवाळी, चष्मेवाली, पन्नासच्या वर वेग न नेणारी बाई बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "तू बरोबर असलीस की जाऊ देत तिला," असं त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या हिशेबी मी मुलीच्या गाडीचा ब्रेक झाले.

युरोपचा बेत त्या शब्दातूनच निघाला. ऑस्ट्रियात बाइक भाड्याने घ्यायची, घाट चढून स्लोव्हेनियात उतरायचं, क्रोएशियाच्या किनाऱ्याने जायचं आणि इटलीत संपवायचं. प्रत्येक देशात पहिल्या कॉफीच्या ठिकाणी विचारायचं, आम्हाला तुम्ही काय म्हणता? हा माझा खेळ होता. ती हसायची. "तू शब्दाचं सासर-माहेर शोधत बस, मी हॉटेलं शोधते," म्हणायची, आणि शोधायचीही. दोन वर्षं आम्ही ते घाट नकाशावर इतक्यांदा चढलो की मला त्यांची वळणं पाठ झाली होती.

हसण्यासारखंच आहे, पण मला ते मनापासून हवं होतं. या शहरात मला काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. आले तेव्हा नवऱ्याच्या पासवर, म्हणून डिपेंडंट. मग पीआर, म्हणजे कायमची रहिवासी. ऑफिसात लीड, लिफ्टमध्ये आंटी. यातलं एकही नाव मी मागितलेलं नव्हतं. कोणा अनोळखी माणसाने डोंगरातल्या एखाद्या टपरीत आमच्या दोघींकडे, आमच्या हेल्मेटांकडे बघून आपल्या भाषेतला शब्द उच्चारावा, आणि तो आम्हा दोघींना लागू पडावा, एवढीच माझी हौस होती. 'आम्हा दोघींना' हा त्यातला महत्त्वाचा भाग. एकटीला ते नाव घेऊन मी काय करणार होते?

यंदा रजा मंजूर झाली. आणि निघायच्या काही आठवडे आधी ती बाइक घेऊन यिशुनला आली, हेल्मेट न काढता म्हणाली, "आईला दवाखान्यात ठेवलंय. मला पुण्याला जायला हवं."

मी तिला कारपार्कमध्येच मिठी मारली. युरोपचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. कसला युरोप आणि कसलं काय, आई आजारी आहे म्हटल्यावर. मी काकूंना फोन करते म्हटलं तर म्हणाली, "आत्ता नको. त्यांना बोलायला मनाई केलीय." तिने काकूंचा उल्लेख 'त्यांना' असा केला, एरवी ती 'तिला' म्हणते. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण आजारपणाच्या बातमीत माणूस शब्द तपासत बसत नाही. मी घरी येऊन रजा मागे घेतली आणि देवापुढे दिवा लावला. त्या दिव्याची आठवण झाली की अजून माझं अंग जळतं.

ती गेली. अधूनमधून व्हॉट्सॲपवर एखादी ओळ यायची. बरी आहे आता. घरी आणलं. नेटवर्क खराब आहे, फोन करू नकोस. पुण्यात, ऐन शहरात नेटवर्क खराब कसं, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी त्याच्यावरच डाफरले.

मग दसरा आला. आम्ही दोघी दर दसऱ्याला बाइकची पूजा करतो. यंदा ती नाही म्हणून तिच्या बाइकची पूजा चुकवायची, हे मला पटेना. मी त्या दिवशी घरातूनच काम करत होते, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तशीच खाली उतरले. दोन्ही बाइक पुसल्या, हळदकुंकू लावलं, लिटल इंडियातून आणलेल्या झेंडूच्या माळा आरशांना बांधल्या, चाकाखाली लिंबं ठेवली. मुलगी शाळेतून येत होती, ती लाजून खांबाआड उभी राहिली. "आई, क्लीनर अंकल बघतायत. लिंबू उचल ना नंतर, प्लीज." मी उचलते म्हटलं. आणि तिथेच, झेंडूच्या वासात मला वाटलं, आता काकूंना फोन करावा. सणाचा दिवस, थोरामोठ्यांना फोन करायचाच असतो, त्यात त्या नुकत्या आजारातून उठलेल्या. मैत्रीण रागावली तर रागावू दे.

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. आवाज ठणठणीत.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," काकू म्हणाल्या. "अगं, मी तुमच्याच फोनची वाट बघत होते. नैवेद्य दाखवला आणि म्हटलं, आता तिकडे सकाळ झाली असेल. कुठवर पोचलात?"

मला काही कळेना. मी विचारलं, "काकू, तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय? तुमचं सांग. त्या घाटात फार थंडी आहे म्हणे. ती म्हणाली, सिग्नल नसतो, म्हणून मी फोन करत नाही. तू बरोबर आहेस म्हणून मला घोर नाही बघ. ती एकटी असती तर मी डोळ्याला डोळा लावला नसता. दे की तिला, सणाचे दोन शब्द बोलते."

मी तिच्या बाइकच्या सीटवर बसले. एका क्षणात मला दोन गोष्टी कळल्या. माझी मैत्रीण युरोपात होती, आमच्या रस्त्यावर, माझ्याशिवाय. आणि मला टाळायला तिने आईचं आजारपण वापरलं होतं, तर आईला गप्प करायला मला वापरलं होतं. आम्हा दोघींना एकमेकींच्या नावाने फसवलं होतं, आणि मी तर काकूंसाठी देवापुढे दिवाही लावला होता.

खरं सांगावं असं ओठावर आलं होतं. पण नवरा स्कूटरवर गेलेली बाई फोनवर होती, आणि तिची मुलगी त्या क्षणी कुठल्या वळणावर होती ते मला माहीत नव्हतं. तिने उरलेले दिवस कसे काढले असते?

"ती पेट्रोल भरायला गेलीय काकू," मी म्हणाले. "आल्यावर सांगते. थंडी आहे, पण बरी आहे."

"जेवताय ना नीट?"

"हो."

"हळू चालवायला सांग. तुझं ऐकते ती."

"हो काकू," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मुलगी खांबाआडून पुढे आली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता स्वतःच लिंबं उचलली.

ती परतली तेव्हा मी तिला हॉकर सेंटरमध्येच बोलावलं. मला वाटलं होतं, ती रडेल. निदान मान खाली घालेल. कोपीचा कप समोर ठेवून मी म्हटलं, "दसऱ्याला मी काकूंना फोन केला होता." तिचा चेहरा पांढरा पडला, पण घोटभरच. मग तिने विचारलं, "तू काय सांगितलंस?" मी सांगितलं, काय सांगितलं ते. तिने माझा हात धरला.

"थँक्स गं. मला माहीत होतं तू सांभाळून घेशील."

तेवढ्या एका वाक्याने माझ्या मनात तिच्याविषयी जे काही शिल्लक होतं ते संपलं. मला सांभाळून घेतल्याची पावती नको होती. तिच्या तोंडून मला 'माझं चुकलं' एवढंच ऐकायचं होतं.

कारण विचारल्यावर तिने सरळ सांगितलं. तिच्या कॉन्डोतली मंडळी निघाली होती, मोठ्या बाइकवाली, वेगाने जाणारी. त्यांच्यातलं एक जण ऐन वेळी गळालं. "तुला सांगितलं असतं तर तू मोडून पडली असतीस. आणि आई आजारी म्हटलं की कोणी पुढे प्रश्न विचारत नाही." मग म्हणाली, "तुझ्याबरोबर गेले असते तर मजा आली असती, नाही असं नाही. पण दर टपरीवर शब्द विचारत बसायचं, पन्नासच्या वेगाने जायचं... मला एकदा तरी नुसती गाडी हाणायची होती गं."

हे तिने दोन वर्षांत एकदा जरी सांगितलं असतं, तरी मी चिडले असते, भांडले असते आणि दुसऱ्या दिवशी तिला विमानतळावर सोडायला गेले असते. एवढं तरी तिने मला ओळखायला हवं होतं.

आणि वर उत्साहाने म्हणाली, "पण तुझं खरं निघालं हं. क्रोएशियात एका म्हातारीने कॉफी देताना मला बायकेरित्सा म्हटलं. मी सगळ्यांना तुझी ती सुनेची गोष्ट सांगितली, जर्मन घर, फ्रेंच घर. सगळे खूश." तिला वाटत होतं की ती मला भेट देतेय. मी कोपी अर्धी टाकून उठले. जाताना ती मागून म्हणाली, "आईचा फोन आला तर थोडे दिवस अजून तसंच सांग हां. मी सांगेन तिला सावकाश." तिची बाइक ती त्याच दिवशी घेऊन गेली.

फोन आला तो दिवाळीच्या तोंडावर. काकू खुशीत होत्या. चकल्या झाल्या होत्या, अनारशाचं पीठ भिजत होतं, कोणीतरी ओळखीचं सिंगापूरला निघालं होतं. "दोन डबे देतेय," त्या म्हणाल्या. "एक तिचा, आणि एक तुझा वेगळा. माझ्या मुलीला सुखरूप परत आणलंस. तिच्यावर सोडलं तर तो डबा तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून नाव घालून देतेय."

तो डबा मी घेऊ शकत नव्हते. खोटं सांगता आलं, पण त्याचं बक्षीस खाता येईना.

"काकू," मी म्हटलं, "मी गेले नव्हते. मी इथेच होते. दसऱ्याला मी इथूनच फोन केला होता. ती दुसऱ्या लोकांबरोबर गेली. मला तिने सांगितलं होतं, तुम्ही आजारी आहात."

पलीकडे कढईतलं तेल तडतडत होतं. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता त्या मुलीला बोल लावतील. मला वाटलं, आम्ही दोघी एका बाजूला येऊ, एकाच माणसाकडून दुखावलेल्या दोन बायका. खरं तर मी त्याचीच वाट बघत होते.

"ती जाते म्हणाली तेव्हाच मला शंका आली होती," काकू म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझी मुलगी आहे, तिची थाप मला पहिल्या वाक्यात कळते. म्हणून तर दसऱ्याला तुझा फोन आल्याबरोबर तुला विचारलं, कुठवर पोचलात. तू हो ला हो दिलंस, आणि मी निवांत झोपले."

मी काहीतरी म्हणायला लागले. तुमच्या काळजीपोटीच, असं काहीसं.

"तिचं खोटं मी वर्षानुवर्षं ओळखून आहे गं," त्या म्हणाल्या. "तुझं मला ओळखता आलं नाही."

आणि त्यांनी फोन ठेवला. डबा आला नाही.